वाहत राहिलेले पाणी

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे, मुठीत मावेन एवढाच. माझा जन्म माशांच्या पेटीसाठी झाला. आठ वर्षे मी दातांच्या एका डॉक्टरांकडे काचेच्या पेटीत पाणी खेळवत होतो. दाढ धरून बसलेली माणसे माशांकडे बघत, माझ्याकडे कोणी बघत नसे. मला त्याचे वाईटही वाटत नसे. पाणी इकडून ओढावे, तिकडे ढकलावे आणि बटण बंद झाले की गप्प बसावे, एवढेच मला ठाऊक. पुढे दवाखाना बंद झाला आणि मी खोक्यात पडलो.

तिथून मला ताईने उचलले. ताई घरी बसून संगणकावर इमारतींची चित्रे करी. अजून पायाही न खणलेल्या इमारती तिच्या चित्रांत खऱ्या वाटत. पण तिची खोली गच्चीखालची. दुपारी स्लॅब तापला की संगणकाचे पंखे घोंघावू लागत आणि चित्र अर्धे झालेले असतानाच तो बंद पडे. संगणक पाण्याने थंड ठेवायचे तयार सामान तिच्या आवाक्याबाहेरचे होते. मग तिने आणि तिच्या मामांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर बेत आखला. मामांचे उभे आयुष्य फ्रिज दुरुस्त करण्यात गेलेले. त्यांनी ठरवले, नवे घ्यायचे ते फक्त चिपवर बसणारे तांब्याचे ठोकळे. बाकी सगळे जुने. पंप म्हणून मी, टाकी म्हणून झाकणाची बरणी, हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी आणि भंगारवाल्याकडून आणलेला, मोडीत निघालेल्या गाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर.

तो रेडिएटर मामांनी पाच वेळा धुतला. पाचही वेळा काळा गाळ निघाला. शेवटच्या पाण्यात नखाएवढा शंख आला.

"गाडीच्या हीटरमध्ये शंख?" मामा म्हणाले. पण ताईला घाई होती.

आम्हाला जोडले, खाली वर्तमानपत्र पसरले आणि एक दिवस नुसतेच चालवून पाहिले. थेंबही गळला नाही. मग संगणक सुरू झाला. खोलीत इतकी शांतता पसरली की ताई हसली आणि माझ्या पाठीवर बोट टेकवून म्हणाली, "शाबास." मित्रांनो, मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

पण ती माझी नव्हती. मला पहिल्याच दिवशी कळले होते. पाणी मी ढकलत नव्हतो. पाणी मला फिरवत होते.

आठवड्याने मामांनी बरणीत थर्मामीटर बुडवला. खोलीत एकतीस, पाण्यात चौदा. त्यांनी तीनदा पाहिले.

"हे होऊच शकत नाही," ते म्हणाले. "रेडिएटर खोलीच्या हवेनेच पाणी निववतो. खोलीपेक्षा गार करायचं तर कॉम्प्रेसर लागतो. इथं तो कुठाय?"

"चाललंय ना मामा? मग चालू दे की."

एका दुपारी वीज गेली. संगणक बंद, दिवा बंद. मी थांबायला हवे होते. नळीत अडकलेला हवेचा एक बुडबुडा मात्र सावकाश पुढे सरकत राहिला. ताईने तो पाहिला, पण मामांना सांगितले नाही.

भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालू लागली. नळ्यांवर दव धरे. ती कामे घेईनाशी झाली, फोन उचलेनाशी झाली. मामा आले तेव्हा ती बरणीत मनगटापर्यंत हात घालून बसली होती. बोटे पांढरीफटक पडलेली.

"काय करतेयस?"

"बरं वाटतं मामा. कुणीतरी हात धरल्यासारखं."

मामांनी तिचा हात बाहेर ओढला. त्यांना जोर लावावा लागला.

त्यांनी संगणकाकडच्या नळ्या काढल्या. रेडिएटरची नळी घट्ट बसली होती, म्हणून आम्हाला दोघांना एकत्रच बादलीत घालून ते ताईसह भंगारवाल्याकडे गेले. भंगारवाला आधी उडवाउडवी करत होता. मामांनी त्याला बादलीत साचलेल्या गार पाण्यात हात घालायला लावला, तेव्हा कुठे तो खरे बोलू लागला.

रेडिएटर ज्या गाडीचा, ती टॅक्सी होती. बंद पडलेल्या दगडखाणीच्या पाण्यात दोन वर्षे बुडालेली. पाणी आटल्यावर वर काढली, तर आत कोणीच नव्हते.

"लोक म्हणाले, गाडी ढकलून ड्रायव्हर पळाला. त्याची बायको चारदा येऊन गेली, गाडीतलं काहीतरी द्या म्हणाली. मी सांगितलं, काही उरलं नाही." त्याने रेडिएटरकडे बोट केले. "हा काढून ठेवला होता. तांबं होतं ना."

ती बाई दोन गल्ल्यांपलीकडे शिवणकाम करत असे. मामांनी बादली तिच्या मशीनजवळ ठेवली आणि सगळे सांगितले. रेडिएटर तर आधीच रिकामा केलेला, तरी बादलीत पाणी चढले होते आणि मी त्यात संथ फिरत होतो. तिने बांगड्या मागे सारल्या आणि हात बुडवला. पाण्यात तिची बोटे मिटली, कोणाचा हात धरावा तशी. ताई दाराशी रडत होती.

"पळाला नव्हता तो," बाई शेवटी म्हणाली. "गाडी सोडून जाणाऱ्यातला नव्हताच. मी सांगायचे सगळ्यांना."

त्याच क्षणी मी थांबलो. मामांनी सवयीने थर्मामीटर घातला. एकतीस. खोलीतल्या हवेइतकेच.

रेडिएटर तिने ठेवून घेतला. तिच्याकडून निघालेले मामा खाणीत पुन्हा शोध घ्या म्हणून सांगायला थेट पोलीस चौकीत गेले. पुढच्या महिन्यात खाणीचा उरलेला गाळ उपसला गेला आणि तिला तिचा माणूस मिळाला. अंत्यविधीला ताई गेली होती. जे पळाला म्हणत होते, तेही आले होते, मान खाली घालून.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. जुन्या वस्तू जरूर वापरा, त्यांना धुवा, पुसा, जपा. पण घरात आणण्याआधी एकदा विचारा, ही कोणाची होती आणि तिला कोणी शोधत तर नाही ना? आमच्यासारख्या पुष्कळ वस्तू त्या प्रश्नाची वाट बघत पडून आहेत.