चार बोटं आखूड

घर बघायला गेलेली माणसं नळ सोडून बघतात, भिंतीवर टिचकी मारतात, गाडी कुठे लावायची ते विचारतात. मी खिडक्या बघते. पडदे शिवणं हा माझा धंदा आहे, आणि तो शिकवला बाबांनी, जे चाळीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवत होते. त्यामुळे नव्या वसाहतीतलं सॅम्पल घर बघताना सेल्सवाला स्वयंपाकघराच्या ओट्याचं कौतुक करत होता आणि मी पडद्याच्या दांड्यांकडे मान वर करून उभी होते.

वसाहतीत सहा ओळी आणि प्रत्येक ओळीत वीस घरं. सगळ्यांची दारं राखाडी, सगळ्यांना तीन पायऱ्या, सगळ्यांच्या हॉलला जमिनीपर्यंत काचेची खिडकी, पायरीशेजारी तेच एक रोपटं. सेल्सवाला म्हणाला की एक घर बघितलं की एकशेवीस बघितल्यासारखं आहे. बाकी त्याने पुष्कळ थापा मारल्या, पण एवढं मात्र खरं सांगितलं.

घर मी बाबांसाठी घेतलं. जुन्या जागेचा जिना उभा होता आणि बाबा त्यावरून दोनदा पडले होते. शिवाय त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी चष्मा, मग औषधं, मग दिवसच. दादा परगावी असतो. त्याने फोनवरून सुचवलं की बाबांना एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवू, तिथे चोवीस तास नर्स असतात. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, बघ, झेपत असेल तर. तेव्हापासून मला एकच ध्यास होता. बाबांनी एकदा, निदान एकदा, या घराला आपलं घर म्हणावं.

ते म्हणत नव्हते, आणि त्याला कारण मीच होते.

बाबांचा नियम होता की माप स्वतःच्या हाताने घ्यायचं, दुसऱ्याच्या कागदावर कापड कापायचं नाही. मी मात्र राहायला येण्याआधीच, हौसेच्या भरात, सेल्सवाल्याने दिलेल्या मापांच्या कागदावरून आमचे पडदे शिवून टाकले. पिवळं कापड, बाबांच्या दुकानातलं शेवटचं ठाण. लावले तेव्हा कळलं की कागदातलं माप चुकलंय. पडदे जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होते. नंतर वसाहतीत राहायला आलेल्या सगळ्यांनी माझ्याकडूनच पडदे करून घेतले, आणि प्रत्येक घरात मी टेप लावून माप घेतलं. गिऱ्हाइकांचे पडदे अगदी जमिनीला टेकतील असे आणि घरचे तेवढे आखूड.

तसं फार काही बिघडलं नव्हतं. खालच्या दुमडीत मी चार बोटं माया, म्हणजे जादा कापड, ठेवली होती. शिलाई उसवायची, माया मोकळी करायची, पुन्हा तुरपाई करायची. एका पडद्याचं तासाभराचं काम. पण घरच्या कामाला मुहूर्त कधी लागतो? दहा महिने झाले.

या दहा महिन्यांत बाबांनी एक दिवस सोडला नाही. सकाळी उठायचे, गळ्यात टेप अडकवायचे, हॉलच्या पडद्यापाशी वाकायचे आणि चार बोटं लावून बघायचे. मग माझ्याकडे वळून शांतपणे सांगायचे की हे आपलं घर नाही, आपल्या घरात पडदा आखूड नसतो. माझं नाव ते विसरले होते, पण लहानपणी ठेवलेलं टोपणनाव त्यांच्या जिभेवर पक्कं होतं. माझी जीभ टोचते म्हणून ते मला दाभण म्हणायचे. "दाभण, चल घरी जाऊ," एवढंच रोजचं मागणं.

सुरुवातीला मी समजूत काढली. मग हसण्यावारी नेलं. मग खेकसायला लागले. खरं तर मला त्यांचा राग येत नव्हता, पडद्याचा येत होता. पण पडद्यावर ओरडता येत नाही.

पावसाळा संपता संपता ते दुपारचे बाहेर पडायला लागले. पहिल्या वेळी मी वेड्यासारखी सहाही ओळी पालथ्या घातल्या. दोन तासांनी परतले तर ते पायरीवर बसलेले, अगदी खुशीत. कुठे होतात म्हणून विचारलं तर म्हणाले, घरी. घरी कोण होतं, या प्रश्नाचं त्यांना हसूच आलं.

"तू होतीस. आणखी कोण असणार?"

"मी काय करत होते?"

"ऐकत होतीस," बाबा म्हणाले.

मनाचे खेळ, असं म्हणून मी सोडून दिलं. पण चार दिवसांनी ते पुन्हा गेले आणि परत आले तेव्हा त्यांची नखं कापलेली होती. नखं कापून घेताना ते माझ्या हाताला झटके देतात, म्हणून मी ते काम आज उद्या करत होते. आता दहाही नखं नीट, गोल कापलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मी त्यांचा हात हातात धरून बराच वेळ बसले. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा मत्सरही वाटला.

मग बटण. त्यांच्या राखाडी सदऱ्याचं दुसरं बटण महिनाभर तुटलेलं होतं. एका दुपारी ते लावून आले. मी भिंग घेऊन बघितलं. भोकांतून फुलीचे टाके, आणि बटणाच्या बुडाशी दोऱ्याचे तीन वेढे, तिसरा किंचित सैल. असं बटण बाबा लावायचे आणि बाबांनी शिकवल्यामुळे मी लावते. तिसरा वेढा सैल ठेवायची खोड मात्र माझी एकटीची. त्यापायी लहानपणी मी कितीतरी बोलणी खाल्ली आहेत. ते बटण माझ्या हातचं होतं. मी ते लावलेलं नव्हतं.

शेजारी दातांची डॉक्टरीण राहते. तिला विचारलं की बाबा दुपारी कोणाकडे जातात, तुम्ही कधी पाहिलंत का. ती जरा गोंधळून बघायला लागली.

"अहो, काल तुम्हीच तर त्यांचा हात धरून चालला होतात," ती म्हणाली. "किती सावकाश चालत होतात त्यांच्याबरोबर. बघून बरं वाटलं."

काल दुपारी मी दुसऱ्या ओळीतल्या एका घरात शिडीवर चढून दांडी बसवत होते. घरी येऊन दाराला वरची कडी लावली आणि तीन दिवस बाबांना बाहेर पडू दिलं नाही. तीन दिवस ते दारापाशी खुर्ची टाकून बसून राहिले. जेवले नाहीत धड. अधूनमधून दाराला कान लावायचे आणि कोणाला तरी सांगायचे की येतो, येतो, जरा थांब.

चौथ्या दिवशी सकाळी ते पुन्हा पडद्यापाशी वाकले, चार बोटं लावली आणि माझ्याकडे वळले. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच माझा तोल सुटला.

"मग जा ना त्या घरी," मी म्हटलं. "जिथे पडदे बरोबर आहेत, जिथे तुमचं ऐकणारी बसली आहे. जा. मला नाही जमत."

दार मीच उघडलं. बाबांनी टेप नीट गुंडाळून खिशात ठेवली, चपला घातल्या आणि एखाद्या पाहुण्याने निघावं तसे माझ्याकडे बघून मान हलवून निघून गेले. मी आत येऊन बसले. बसू देत दोन तास त्या बयेकडे, असं मनाशी घोकलं. पण समोर तो पडदा चार बोटं वर लोंबत होता.

शेवटी मी शिडी आणली. पडदे काढले, शिलाई उसवली, माया मोकळी केली, इस्त्री फिरवली आणि तुरपाईला बसले. इतकी वर्षं हेच काम करते, पण इतक्या मनापासून टाका कधी घातला नव्हता. बाबा येतील, वाकतील, बोटं लावायला जातील आणि जागाच उरलेली नसेल, हे मी डोळ्यांसमोर आणत होते. मी त्यांची माफी मागणार होते. दोन पडदे पुरे झाले. तिसऱ्याचा शेवटचा कोपरा राहिला तेव्हा घड्याळाकडे लक्ष गेलं. दुपारचे तीन. एवढा वेळ ते कधीच बाहेर राहिले नव्हते. कोपऱ्याला टाचणी खोचून मी पडदे दांडीवर चढवले आणि तशीच अनवाणी बाहेर पळाले.

उन्हात वसाहत सुनसान होती. एकेका ओळीतून हाका मारत गेले. शेवटच्या ओळीत अजून कोणी राहायला आलेलं नाही. तिथल्या काचांना नाक लावून आत बघितलं. कुठेच कोणी नव्हतं. पाय भाजून निघाले. दादाला फोन करायचा तर फोनही घरीच. आता तो म्हणेल तसं होऊ दे, संस्थेत ठेवायचं तर ठेवू, फक्त बाबा सापडू देत, असं पुटपुटत मी आमच्या ओळीत परत आले.

चौथी ओळ, सातवं घर. दारावर आमचा नंबर, पायरीवर बाबांच्या चपला. जीव भांड्यात पडला. हॉलच्या खिडकीत पिवळा पडदा अगदी जमिनीपर्यंत पोचलेला दिसत होता. बाबा आपले आपण आले होते आणि त्यांनी पडदा पाहिला होता. त्यांच्या चपलांशेजारी माझ्या चपला ठेवलेल्या होत्या. मी त्या घरातच विसरले होते, आत, कपाटाजवळ. पण त्या क्षणी एवढा विचार कोण करतो? दार आतून लावलेलं होतं. मी बेल दाबली.

बाबांनीच दार उघडलं. दाढी केलेली, केस विंचरलेले. चेहऱ्यावर इतकं समाधान मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "बाबा," मी म्हटलं, "पडदा बघितलात? केला मी बरोबर."

त्यांनी माझ्या भाजलेल्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्यांच्या नजरेत दया होती आणि ओळख नव्हती.

"कोणाकडे आलात ताई?"

मी काही बोलायच्या आत घरातून आवाज आला. "बाबा, कोण आहे हो?" तो आवाज माझा होता. फक्त त्यात घाई नव्हती.

बाबांच्या खांद्यावरून मला हॉल दिसला. खिडकीपाशी, तिसऱ्या पडद्याच्या कोपऱ्याजवळ, एक बाई दाराकडे पाठ करून जमिनीवर बसली होती. मी खोचलेली टाचणी तिने काढून बाजूला जमिनीवर ठेवली होती आणि राहिलेला कोपरा ती तुरपत होती. तो कुडता माझा, ती पाठ माझी. शेवटचा टाका घालून तिने मान वाकवून दोरा दातांनी तोडला, मी तोडते तसाच. मागे वळून बघायची तिला गरज वाटली नाही.

"अगं दाभण, कोणी बाई आल्यात. घर चुकलंय त्यांचं," बाबांनी तिला सांगितलं. मग माझ्याकडे वळून, एखाद्या गिऱ्हाइकाला समजवावं तसं सावकाश म्हणाले, "इथे असं होतं ताई. सगळी घरं सारखी. मीही फार दिवस चुकत होतो. एक खूण सांगतो. ज्या घराचा पडदा आखूड असेल ना, ते तुमचं."

हे आमचंच घर आहे, असं मला ओरडायचं होतं. पण बाबा पहिल्यांदाच त्या दारात यजमानासारखे उभे होते, एक हात चौकटीवर ठेवून. मला हवं होतं ते हेच. मी मान हलवली. त्यांनी हळूच दार लावून घेतलं, आणि आत दोघं काहीतरी बोलून हसली.

मग मी आखूड पडदा शोधायला निघाले. सहा ओळी, एकशेवीस घरं, एकेक खिडकी बघितली. शेवटच्या ओळीतल्या खिडक्यांना पडदेच नाहीत, बाकी सगळे पडदे जमिनीला टेकलेले आहेत. सगळे मीच शिवलेत, टेप लावून, स्वतःच्या हाताने, आणि एकातही चूक नाही. एकाच घरचे पडदे आखूड होते, ते मी आज दुपारी नीट केले.