अर्जातला तेवढा एक शब्द

"सगळं वाचून दाखवा बघू, भाऊ. आपल्या भाषेत," म्हातारी म्हणाली.

टायपिस्टने मशीनवरचे हात काढले. कोर्टाच्या फाटकाशी टेबल टाकून सत्तावीस वर्षं झाली, पण अर्ज ऐकून घेणारं गिऱ्हाईक विरळाच. सही कुठे करायची एवढंच विचारतात. त्याने वाचलं. मुलगा दारू पितो, मारतो, हात मोडला, त्याला घराबाहेर काढावं. ती मान डोलावत होती.

"अर्जदार बाई मुलाला अ‍ॅभॉर करतात."

"म्हणजे?"

"तिरस्कार."

"राग ना?"

"राग येतो नि जातो हो, मावशी. हे म्हणजे तोंड दिसलं तरी किळस यावी. सावलीसुद्धा नको."

"अगंबाई! असं कधी म्हटलं मी?"

"वकीलसाहेब सगळ्याच अर्जांत घालतात. वजन येतं."

"मारलं ते लिहा. घरात नकोच तो, जिवाची भीती वाटते मला. पण एवढं काढा."

"अहो, कोर्टात कोण एवढं बारकाईनं वाचतंय?"

"कोर्टाचं मरू दे. कागद त्याच्याही हातात जाणार ना? त्याला येतं इंग्रजी. लोकांची धुणी धुऊन मीच शिकवलंय. तो वाचेल ना!"

टायपिस्टची नजर त्या शब्दावर गेली. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोची घटस्फोटाची नोटीस आली होती, शेजारच्याच टेबलावर टाइप झालेली. त्यात हाच शब्द होता. ही वकिलांची सवय, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी त्या दिवशी त्याला घास गिळवला नव्हता. ती खरंच तसं म्हणाली होती का, हे तिला विचारायचं धाडस त्याला आजतागायत झालं नव्हतं.

खाडाखोड केलेला कागद कोर्टात चालत नाही. त्याने पान ओढून काढलं, कोरं चढवलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"अहो, अजून तेच पान?" वकील पलीकडून ओरडले.

"चुकलं होतं, साहेब."

"गेला ना तो शब्द?" पान झाल्यावर म्हातारीने विचारलं.

"गेला, मावशी."

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. "डावा चालेल?" म्हणत तिने डावा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. डाव्या हाताची सवय नव्हती, म्हणून कागदावर टेकेपर्यंत टायपिस्टने तिचं मनगट धरून ठेवलं.