डांबराखालची काच

मी छतातली काच बोलतेय. ओरडतेय म्हणा हवं तर, कारण खाली आत्या कायमची निघायच्या तयारीत आहे आणि माझा आवाज कुणालाच ऐकू जात नाही.

हे रफूचं दुकान आत्याच्या भावाचं. एकोणतीस वर्षांपूर्वी त्यानं छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर जागा करून मला बसवलं. मिस्त्री म्हणाला, "मालक, दक्षिणेला लावा, भरपूर ऊन येईल." भाऊ म्हणाला, "ऊन नको रे बाबा, उजेड हवाय. उन्हात रंग फसवतो."

तेव्हापासून दुकानाचा एकच कायदा. कपडा आधी माझ्याखाली पसरायचा, मगच धागा निवडायचा. आत्या तीन राखाडी रिळं शेजारी शेजारी धरायची, मान वाकडी करून बघायची आणि नेमकं उचलायची. फाटलं कुठं होतं, हे गिऱ्हाइकाला शोधूनही सापडायचं नाही. आभाळ भरून आलं की ती सुई ठेवून खुशाल गप्पा मारत बसायची. दिवसा दिवा लावलेला मला आठवतच नाही.

मग भाऊ गेला आणि दुकान त्याच्या मुलाकडे, आत्याच्या भाच्याकडे आलं. पोरगा वाईट नाही, पण भारी उतावळा. गेल्या वर्षी छत गळायला लागलं. माझ्या कडेची लांबी, म्हणजे काच पक्की बसवायचा तो लगदा, वाळून फुटला होता. मूठभर नवी लांबी पुरली असती. यानं माझ्या अंगभर डांबर फासलं! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. वर लख्ख ऊन आणि खाली भरदुपारी चार ट्यूबलाइट, असा कारभार सुरू झाला.

आणि आत्या चुकायला लागली. त्या ट्यूबखाली निळसर राखाडी आणि हिरवट राखाडी अगदी जुळे भाऊ दिसतात. आधी एक शाल बिघडली, मग एक पँट. परवा एक गृहस्थ कोट घेऊन परत आले.

"बाई, हे रफू आहे की शेवाळ?"

आत्यानं कोट ट्यूबखाली धरला, उलटा केला, सुलटा केला. तिला फरक दिसेचना. तिचा चेहरा मला बघवला नाही.

"आत्या, पुरे आता," भाचा हळूच म्हणाला. "डोळे दमले तुझे."

"हो रे. सुईत दोरा अजून एका झटक्यात जातो, पण रंगच कळेनासे झालेत."

अगं बाई, दोरा जातो ना? मग डोळ्यांना काय धाड भरलीये! तो कोट उचल आणि एकदा, फक्त एकदा, दारात नेऊन बघ!

आज तिनं रिळांचा खोका भाच्याच्या हातात दिला. चष्मा पुसून पिशवीत टाकला. जाता जाता वर माझ्याकडे बघून कसनुसं हसली.

"तुझं नि माझं एकदमच संपलं गं."

इतक्या जवळ येऊन तिला कळू नये? मी जिवाच्या आकांतानं ओरडले. ती दाराबाहेर गेली, उजेडात क्षणभर थांबली, पण हात रिकामे होते. कोट आत खुंटीवर होता.

तुम्हाला तरी माझं ऐकू येतंय ना? मग धावा, ती अजून कोपऱ्यापर्यंतच गेली असेल. तिला म्हणावं, मागे फिर आणि तो कोट बाहेर काढ.