शेवटच्या सभेची कोरी ओळ

मित्रांनो, मी एका पंचायत समितीची जुनी हजेरीवही. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून लिपिक बद्रीनाथ यांनी मला आणलं, पहिल्या पानावर गोल शिक्का मारला, तेव्हा काय तोरा होता माझा! लोकांनी निवडून दिलेली माणसं माझ्यावर सह्या करणार होती.

बद्रीनाथ मनाने चांगले, पण भिडस्त. न आलेल्या सदस्यासमोर लाल शाईने 'गैरहजर' लिहायचा नियम होता. ते जागा कोरी सोडत. "उगं कशाला वाईटपणा घ्यायचा?" म्हणत.

साहेबराव या सदस्याच्या ओळी सगळ्यांत जास्त कोऱ्या. लग्नं, सत्कार, उद्घाटनं यांतून त्यांना सभेला सवडच नसे. चार-सहा महिन्यांनी गाडीच्या बॉनेटवर मला ठेवून ते सटासट सह्या ठोकत. मला फार लाज वाटे, पण वहीने बोलायचं तरी कसं?

सदस्यांची मुदत संपायच्या आदल्या दिवशी शेवटची सभा होती. बिडकीनजवळच्या एका वस्तीवरच्या केसरबाई भाकरी बांधून सकाळीच आल्या आणि बाहेरच्या बाकड्यावर बसल्या. वस्ती आणि शाळा यांच्यामध्ये नाला होता. पाणी आलं की लेकरं घरीच. नाल्यावरच्या पुलाचा ठराव त्या दिवशी व्हायचा होता. पण सभा भरायला नेमका एक सदस्य कमी पडला. फोन झाले, तासभर वाट पाहिली. शेवटी बद्रीनाथ यांनी माझ्यावर लिहिलं, 'एक सदस्य कमी असल्याने सभा तहकूब.' साहेबरावांची ओळ कोरी होती. केसरबाई उठल्या आणि वस्तीकडे निघाल्या.

मग मुदत संपली, प्रशासक आले, निवडणुका लांबत गेल्या. मी कपाटात धूळ खात पडले. पुलाचं नाव कोणी काढलं नाही.

यंदा साहेबराव पुन्हा उभे राहिले. पत्रकावर छापलं, 'एकही सभा चुकवली नाही.' ते पत्रक घेऊन केसरबाई सुनेसोबत कार्यालयात आल्या.

"भाऊसाहेब, त्या शेवटच्या सभेचं पान दावा बरं. मी तिथं बाकड्यावरच व्हते."

बद्रीनाथ यांनी मला उघडलं. सून रूपालीने मोठ्याने वाचलं, एक सदस्य कमी, सभा तहकूब. आणि वर साहेबरावांची झोकदार सही! मुदत संपता संपता उरलेल्या ओळी एका दमात भरताना त्यांनी पान वाचलंच नव्हतं.

"आं? हे आले व्हते, तर मंग माणूस कमी कसं पडलं?" केसरबाईंनी विचारलं.

बद्रीनाथ यांची मान खाली गेली. "ते आलेच नव्हते, मावशी. जागा मी सोडली. चुकलं माझं."

"तुमी सोडली, त्यांनी भरली. माझ्या नातीची, मोनिकाची शाळा त्या नाल्यापायी सातवीतच सुटली, भाऊसाहेब. लई हुशार व्हती. तिची जागा कोण भरून देतं आता?"

बद्रीनाथ यांनी त्या पानाची नक्कल काढली, शिक्का मारला आणि केसरबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारखी वही सांभाळेल. जो आला नाही, त्याच्यासमोर त्याच दिवशी लाल शाईने 'गैरहजर' लिहा. मी तेव्हा बोलू शकले नाही. तुम्हाला तर लिहिता येतं.