टावेलाखालचा भाव

मेंढरांची कातरणी निघाली की सोनमला दोन डोळे कमी पडायचे. अंगणात सासरे नानासो मेंढीच्या पाठीवरून कातर चालवत होते, सासू हरणाबाई मेंढीचे पाय धरून बसली होती, आणि सोनमची रांगती लेक नेमकी त्या कातरीकडंच निघाली होती. सोनमनं तिला परत उचलून कडेवर घेतलं. नवरा तिकडं कोइमतूरला विट्याच्या माणसाच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळत होता, त्यामुळं घरातली काळजी करायचं खातं सगळं तिच्याकडं.

आजची काळजी नणंदेची होती. पूजा बारावी झालेली, आणि मार्क असे पडलेले की इंजिनिअरिंगलाही जाता यावं आणि जनावरांच्या डॉक्टरकीलाही. पूजाला डॉक्टरकी पाहिजे होती. नानासोंना ज्यात पैसा जास्त ते पाहिजे होतं. आणि पैसा कशात जास्त, हे सांगायला शेजारचा तात्याबा आपणहून आला होता.

"कंपुटरला घाल पोरीला. आमचा शिवतेज बघ की पुण्यात. एसीत बसतोय. उनाळ्यात सुदीक सर्दी असती त्येला."

"पगार किती हाय?"

"लय हाय."

"लय म्हंजी?"

"आरं गड्या, लय म्हंजी लय. मोजाय बसलं तर मानूस येडं व्हईल."

नानासोंनी कातर खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि खांद्यावरचा टावेल काढला. तात्याबाचं तोंड उतरलं.

आटपाडीच्या बाजारात मेंढराचा सौदा टावेलाखाली होतो. समोरच्याचा हात हातात घ्यायचा, वरून टावेल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं माणूस वाट्टेल ते बोलतो. पण टावेलाखाली खोटं बोललेल्याला बाजारात परत कुणी उभं करत नाही. आणि खालचा आकडा तोंडानं कुणाला सांगायचा नाही, मरेस्तोवर.

दोघांचे हात आत गेले. मेंढी अर्धी कातरलेली, तशीच उभी राहिली. सोनम सासऱ्यांच्या भुवईवर नजर ठेवून होती. भुवई वर गेली, जरा थांबली आणि गुमान खाली आली.

टावेल निघाला.

"लय हाय," नानासो म्हणाले.

"मग? मी काय सांगत हुतो?" म्हणत तात्याबा चहासुद्धा न घेता उठला.

नानासोंनी मेंढीची उरलेली बाजू कातरून काढली. मग मान वर न करता म्हणाले, "पूजे, तू आटपाडीतच बी.ए. कर. यष्टी दारातनं जाती."

"आबा!"

"येवढी फी भरून पुन्यात त्येवढंच असंल, तर फुकाटचं काय वाईट?"

सोनमच्या वडिलांनीही तिचं शिक्षण यष्टीचं वेळापत्रक बघूनच ठरवलं होतं. आज पूजा, उद्या कडेवरची ही. दारातनं यष्टी तेव्हाही जात असणार.

"मामंजी," ती म्हणाली, "कंपुटरचा भाव काढला तुमी. बी.ए.चा काढला का?"

"कुनाकडनं काढू? हितं कोन हाय बी.ए.?"

हरणाबाई मेंढीकडं बघायला लागली.

"मी हाय."

इतकी वर्षं एका घरात राहूनही नानासोंना ही बातमी नवीन असावी. त्यांनी सुनेकडं नीट बघून घेतलं.

"आगं पर," हरणाबाई म्हणाली, "सासऱ्याचा हात धरायचा व्हय सुनंनं? आन् बाईच्या हाताचा भाव आजपातूर कुनी केलाय?"

"कुनी न्हाई. म्हणूनच म्हणते, मी पूजाच्या हातात देते."

पूजा लहानपणापासून बापाबरोबर बाजार करत आलेली. बोटांची भाषा तिला पाढ्यांच्या आधी आली होती. नानासोंना नाही म्हणायला काही सापडेना. त्यांनी टावेल दिला. त्याला लोकरीचा आणि तंबाखूचा वास होता.

आत पूजाचा हात उघडा, वाट बघत होता. सोनमनं त्यात आपली बंद मूठ ठेवली. पूजानं थोडा वेळ चाचपून बघितलं, कुठं एखादं बोट आहे का म्हणून. मग ती मूठ तिनं आपल्या पंजात धरली आणि धरूनच ठेवली.

"किती?" नानासोंनी विचारलं.

पूजानं टावेल काढला, घडी घालून बापाच्या खांद्यावर ठेवला.

"आबा, टावेलाखालचं तोंडानं सांगत न्हाईत. तुमीच शिकवलंय."

नानासोंनी लेकीच्या तोंडाकडं बघितलं. मग सुनेच्या हाताकडं. मूठ अजून मिटलेलीच होती. हयात बाजारात घातलेल्या माणसाला तेवढं पुरे होतं. त्यांनी दुसरी मेंढी ओढली, आडवी पाडली, आणि कातर लावली.

"एक मानूस हाय," ते मेंढीला सांगितल्यासारखं म्हणाले. "बाजारात मी सख्ख्या मेव्हन्याला सोडलं न्हाई. पर ह्येच्याम्होरं टावेल कवाच काडला न्हाई."

"कोन वो?" हरणाबाईनं विचारलं.

"जनावराचा डाक्टर. मेंढरू आडवं पडलं की त्यो म्हनंल ती रक्कम. वर आनी त्येला आवो-जावो करायचं."

कातर बराच वेळ वाजत राहिली.

"शिरवळच्या जनावराच्या डाक्टरकीच्या कालिजात पोरींच्या ऱ्हायाची सोय हाय का, इचार की गं सोनम," नानासो म्हणाले. "तू शिकल्याली हाईस."

विचारायला मोबाईल हातात घ्यायचा तर मूठ उघडावी लागणार होती. कडेवरच्या लेकीनं तोवर एक बोट सोडवलंच होतं.