कॉम्प्युटरचं झबलं

तयार वस्तू विकत घेतली की आपण हरलो, असं आमच्या नाथानना वाटतं. साधं स्टूलसुद्धा हे घरीच ठोकणार. इथे इस्रायलात किर्यात गातच्या कारखान्यात जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, त्याला कोण शिकवणार? दोन हजार चार साली कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तर तोही ह्यांनी सुटा सुटा आणला. आज हा तुकडा, उद्या तो, आणि सगळा पसारा माझ्या जेवणाच्या टेबलावर. राहिली होती फक्त पेटी, ज्यात हे सगळं बसवायचं.

घाई होती फ्लोरावन्संसाठी. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. त्यांचे यजमान सायमनभावजी गेल्यापासून आमच्याकडेच राहतात. त्यांचा मुलगा अव्राहाम टोरांटोला, आणि त्याला नुकताच मुलगा झालेला. सुंता आठव्या दिवशी. वन्संच्या गुडघ्यांना विमान झेपणार नव्हतं, म्हणून अव्राहाम म्हणाला, "आई, तुला कॉम्प्युटरवर सगळं दाखवतो." बाळाचं नाव सुंतेच्या वेळीच उच्चारायचं, त्याआधी कुणाला सांगायचं नाही, अशी रीत. आता ते सायमनभावजींचं ठेवतील की सुनेच्या बापाचं? तोही बिचारा वर्षापूर्वीच गेलेला. वन्सं तोंडानं काही बोलत नव्हत्या. फक्त रोज मला विचारायच्या, "शुलामित, सुनेच्या वडलांचं नाव काय गं?" सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

पेटी घ्यायला आम्ही एयालच्या दुकानात गेलो. एयाल आमच्यातलाच, बेने इस्रायल. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिब्रूत. त्यानं तीन पेट्या काढल्या. एकीला काचेची बाजू आणि आत निळे दिवे, लग्नाचा मांडव जणू. दुसरी जड, मागे चांगला मोठा पंखा. तिसरी बिस्किटाच्या रंगाची, पातळ पत्र्याची, आणि पंख्याच्या जागी नुसती भोकं.

"मधली घ्या," मी म्हटलं.

"पंखा कशाला? भोकं आहेत ना! वारा काय तिकीट काढून येतो?" नाथान म्हणाले आणि तिसरी उचलली.

एयाल हसला. "चालेल. पण भोकं उघडी ठेवा," एवढं त्यानं हिब्रूत सांगितलं. ह्यांनी मान डोलावली आणि दारापर्यंत पोचेतो विसरले.

पेटी भरली, कॉम्प्युटर सुरू झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. वन्संनी मात्र नाक मुरडलं. "असा उघडाबोडका ठेवणार?" भायखळ्याच्या घरात त्यांच्या रेडिओला गवसणी, शिलाई मशीनला गवसणी, मिक्सरलासुद्धा गवसणी. उघडी वस्तू म्हणजे घराला वळण नाही. शिवाय इथे वाळवंटाकडून वारा सुटला की चमच्यानं धूळ काढावी लागते. दोन दिवस बसून त्यांनी पेटीला झबलं शिवलं. गुलाबी फुलं, खाली झालर, मागे नाड्या. वायरींपुरती काजं. "वाहवा, काय फिटिंग आहे!" नाथान म्हणाले.

सुंतेच्या दिवशी दुपारी मी मलिदा करून ताट झाकून ठेवलं. वन्संनी ठेवणीतली साडी नेसली आणि पडद्यासमोर बसल्या. टोरांटोला सकाळ. अव्राहाम दिसला, सून दिसली, दुपट्यातलं बाळ दिसलं. "नाक बघ, नाक!" वन्सं ओरडल्या. तेवढ्यात पडदा काळा.

नाथाननी बटण दाबलं. चालू झालं, पुन्हा बंद. वन्सं काळ्या पडद्यावर बोटं फिरवायला लागल्या, आणि माझं डोकं फिरलं.

"मी म्हटलं होतं, मधली घ्या! म्हातारीला नातू बघायचाय आणि तुम्ही पत्रा घेऊन आलात!" असं म्हणून मी त्या पेटीला एक चापट ठेवून दिली. आई गं! पेटी तव्यासारखी तापलेली. मग कळलं कुठे घोडं पेंड खातंय ते. मी झबल्याच्या नाड्यांना हात घातला.

वन्सं उभ्याच राहिल्या. "म्हणजे माझ्यामुळे?"

खोटं तरी कसं सांगू? त्यांनी माझे हात बाजूला केले आणि आपल्याच हातानं गाठी सोडल्या. गाठ सुटेना तेव्हा कात्री मागितली. रडत नव्हत्या, पण मला ते बघवेना.

नाथाननी स्क्रू काढून पेटीची एक बाजूच उघडली. मी मलिद्याच्या ताटावरचं झाकण घेतलं आणि मागे बसून वारा घालायला लागले. जरा निवल्यावर यंत्र पुन्हा सुरू झालं. माझ्यासमोर नुसत्या वायरी. दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"झाली का सुंता?" मी विचारलं.

"झाली. रडतोय गं," वन्सं म्हणाल्या. "आता नाव. गप्प बसा सगळे."

टोरांटोचा म्हातारा मोहेल, सुंता करणारा, सावकाश आशीर्वाद म्हणत होता. माझा हात भरून आला, तरी मी वारा सोडला नाही. मग तो थांबला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "शिमोन बेन अव्राहाम!"

अव्राहामचा मुलगा शिमोन! आमच्या सायमनभावजींचं सिनेगॉगमधलं नाव. मला इतका आनंद झाला की हातातलं झाकण तसंच हवेत राहिलं.

"शुलामित, वारा! वारा घाल!" नाथान ओरडले. पण उशीर झाला होता. फट् करून सगळं बंद.

मी घाबरून पेटीमागून डोकं वर काढलं. वन्सं काळ्या पडद्याकडे बघून हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "माझा सायमन पोचला घरी. आता पडू दे मेल्या पेटीला बंद."