कंपासपेटीचं झाकण

मी एक जुनी डिझेल पिकअप आहे. मित्रांनो, माणसं मला निर्जीव समजतात. निर्जीव वस्तूसमोर ती काहीही करतात आणि वस्तू थोडीच कुणाला सांगणार आहे, असं धरून चालतात. मी आज सांगणार आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी मी कारखान्यातून पांढरीशुभ्र बाहेर पडले. मला एका मेकॅनिकने घेतलं. सगळे त्याला वस्ताद म्हणत. माझ्या हौद्यातून त्याने किती इंजिनं वाहिली याची गणती नाही. पण सकाळचं माझं पहिलं काम ठरलेलं असे, त्याच्या मुलीला शाळेत सोडायचं. पाचवीतच ती मोठ्यांना सल्ले द्यायची, म्हणून तो तिला ‘आजीबाई’ म्हणायचा.

एकदा ती आपली कंपासपेटी माझ्या सीटवर विसरली. परतताना चढावर माझा टर्बोचा पाइप फाटला. टर्बो बाहेरची हवा दाबून या रबरी पाइपातून इंजिनाला देतो. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर येतो. मागे गिऱ्हाइकाचं इंजिन, जवळपास दुकान नाही. वस्तादने पेटीचं झाकण उचकटलं, पत्रा कापायच्या कात्रीने कापलं, फाटलेल्या जागी वाकवून बसवलं आणि वरून चिकटपट्टीचे वेढे दिले.

“उद्या नवा पाइप घालतो,” तो स्वतःशीच म्हणाला. “पोरीला नवी पेटीही आणतो.”

संध्याकाळी मुलगी टॉर्च घेऊन माझ्या सीटखाली शोधू लागली. वस्ताद शेजारीच हात पुसत उभा होता.

“बाबा, इथेच ठेवली होती हो मी!”

त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल.

“स्वतःच्या वस्तू सांभाळायला शिक जरा,” तो म्हणाला.

ती रडली नाही. माझं दार मात्र दणकन आपटून गेली.

तो उद्या सोळा वर्षं उजाडला नाही. ठिगळ टिकलं, वस्तादचा हातच तसा होता. मुलगी मोठी होऊन त्याच गॅरेजात मेकॅनिक झाली. रोज काम संपलं की ती सगळे पाने मोजून भिंतीवर लावायची, आणि मग पुन्हा मोजायची. “माझ्या लेकीचा एक पाना हरवत नाही,” वस्ताद गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा.

मग मला खोकला लागला. धुराच्या तपासणीत मी दोनदा नापास झाले. तिथले साहेब म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत शेवटची संधी. नाहीतर भंगारात घाला.”

वस्तादने एअर फिल्टर बदलला. डिझेल फवारणारे इंजेक्टर तपासून आणले. धूर परत इंजिनात सोडणारी झडप खरवडून काजळी काढली. पंपावरच्या डिझेलला शिव्याही घातल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी सगळं पाहत होते, पण मला विचारतो कोण?

शेवटी लेकीने मला बिघाड दाखवणारा स्कॅनर लावला. “बाबा, हवा मध्येच कुठेतरी गळतेय. टर्बोचा पाइप बघू या.”

“पाइपला काही झालेलं नाही. मी बघितलाय.”

“कधी?”

वस्ताद हातातलाच पाना शोधू लागला. “जाऊ दे,” तो म्हणाला, “वय झालं हिचं. देऊन टाकू भंगारात.”

तो पाइप उघडण्यापेक्षा त्याला मला मोडीत काढणं सोपं वाटत होतं. मला राग आला नाही. वाईट वाटलं.

“असं कसं देऊन टाकू?” लेक म्हणाली. “पंक्चर कसं शोधायचं ते तुम्हीच शिकवलंत ना?” तिने पाइपात हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी फिरवलं. जुन्या चिकटपट्टीखालून बुडबुडे आले. तिने पट्टी कापली. गंजका पत्रा तिच्या हातात आला. त्यावर कर्कटकाच्या टोकाने कोरलं होतं : २७.

“हा माझा पाचवीतला हजेरी नंबर आहे,” ती म्हणाली.

वस्ताद कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेला. खालच्या खणातून, जुन्या सुट्या भागांच्या तळातून त्याने बिनझाकणाची पेटी काढली. आत कोनमापक, गंजलेलं कर्कटक आणि पेन्सिलीचा तुकडा तसाच होता.

“नवी आणणार होतो. रोज उद्यावर ढकलत गेलो, मग सांगायची लाज वाटायला लागली. तुझी चूक नव्हती, पोरी. माझी होती.”

तिने तो पत्रा पेटीवर ठेवून पाहिला. “बाबा, मी अजून पाने दोनदा मोजते. तुम्हाला वाटतं ती शिस्त आहे.”

वस्तादने भिंतीवरच्या पान्यांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून मला नवा पाइप बसवला. मी तपासणीत पास झाले. साहेबांनी दोनदा कागद पाहिला.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. अडचणीत ठिगळ लावा, त्यात पाप नाही. पण लावलंत की सांगा, आणि वेळेत काढा. आम्ही गाड्या फार तर भंगारात जातो, माणसांना मात्र ते ठिगळ घेऊन जगावं लागतं.

त्या संध्याकाळी लेकीने पाने मोजले. पुन्हा मोजायला तिने हात उचलला, बापाकडे पाहिलं आणि दिवा मालवला.